उपचाराआधीच औषधाला दाद न देणारा एचआयव्ही: मोजमाप बंद करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एचआयव्ही उपचार कार्यक्रमांची धोरणे ठरवणारे, त्यांना निधी देणारे आणि औषधखरेदीवर सही करणारे सर्व अधिकारी,

सादर नमस्कार.

डोलुटेग्राविर हे एचआयव्हीचे नवे औषध आले, आता उपचार न घेतलेल्या लोकांमधला रेझिस्टन्स, म्हणजे विषाणूने औषधाला दाद न देणे, मोजायची गरज उरली नाही, असा सूर कार्यक्रमांच्या बैठकांमध्ये ऐकू येतो. कुठे पाहणी 'पुढच्या वर्षी' म्हणून ढकलली जाते, कुठे तिचा निधी दुसऱ्या शीर्षाखाली वळवला जातो, कुठे गोळा केलेले नमुने फ्रीझरमध्येच पडून राहतात. हा निर्णय आम्हाला मान्य नाही आणि तो का मान्य नाही, हे उघडपणे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आम्ही म्हणजे एआरटी (एचआयव्हीचा औषधोपचार) देणारे डॉक्टर, विषाणूचा जनुकीय क्रम वाचणारे तंत्रज्ञ, समुपदेशक, साठ्याची नोंद ठेवणारे फार्मासिस्ट आणि रोज या गोळ्या घेणारी माणसे. निर्णय आपल्या फाइलीत होतो, त्याचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण) आमच्या टेबलावर येतो.

उलटा अर्थ निघू नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. डोलुटेग्राविर उत्तम औषध आहे. एफाविरेन्झ या जुन्या औषधाला रेझिस्टन्स असलेल्या माणसातही ते चालते, कारण ते विषाणूच्या वेगळ्या एन्झाइमवर, म्हणजे इंटिग्रेजवर, काम करते. निदान झालेल्या माणसाने कोणत्याही अहवालासाठी न थांबता, जमल्यास त्याच दिवशी, गोळ्या सुरू कराव्यात. आमचा आक्षेप आहे तो मोजमाप थांबवण्याला.

त्यातली विसंगतीही पाहा. उपचार सुरू करणाऱ्यांमध्ये नेव्हिरापिन (एफाविरेन्झच्याच गटातले औषध) किंवा एफाविरेन्झला रेझिस्टन्स १० टक्क्यांवर गेला तर पहिल्या फळीतले, म्हणजे सुरुवातीला द्यायचे, औषध बदलण्याचा तातडीने विचार करा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सांगितले. संघटनेच्या २०२१ च्या अहवालात पाहणी झालेल्या ३० पैकी २१ देशांनी ती मर्यादा गाठलेली किंवा ओलांडलेली होती. डोलुटेग्राविर इतक्या झपाट्याने पहिल्या फळीत आले त्यामागे याच पाहण्यांचे आकडे होते. ज्या पाहणीने औषध आणले, तीच पाहणी आता औषध आले म्हणून बंद करायची. वजन वाढले असे काट्याने सांगितल्यावर आहार बदलायचा आणि मग काटाच भंगारात काढायचा, असा हा प्रकार आहे.

बैठकीत हमखास येणारा प्रश्न असा: उपचारच घेतला नाही, तर औषधाला रेझिस्टन्स आला कुठून? हा प्रश्न नीट समजून घेतला नाही तर पुढचे सगळे निर्णय चुकतात, म्हणून येथे थोडे थांबतो.

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. त्याची प्रत काढणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइम स्वतःच्या चुका तपासत नाही. साधारण तीन प्रतींमागे एक चूक होते. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे एखादे औषध निकामी करणारा एका अक्षराचा बदल त्या शरीरात रोजच घडत असतो. पण औषधाचा दाब नसताना अशा बदललेल्या विषाणूला काही फायदा नसतो. मूळ विषाणूच्या गर्दीत तो नगण्यच राहतो. तेव्हा उपचार न घेतलेल्या माणसाच्या रक्तात असा विषाणू बहुसंख्येने सापडला, तर कारणे दोनच. एक, संसर्ग झाला तेव्हाच तो तसा आला. दोन, या माणसाने पूर्वी कधीतरी औषध घेतलेले आहे: सोडून दिलेली एआरटी, गर्भारपणात बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली गोळी, किंवा प्रेप, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घेतलेले औषध.

या दोन कारणांत विषाणूचे वागणे वेगवेगळे असते आणि इथेच बहुतेक अहवाल चुकीचे वाचले जातात.

लैंगिक संबंधातून झालेला संसर्ग बहुतेक वेळा विषाणूच्या एकाच प्रकारापासून सुरू होतो. तो प्रकारच रेझिस्टन्ट असेल तर त्याच्याशी स्पर्धा करायला शरीरात मूळ विषाणू नसतोच. के१०३एन हा बदल घ्या. एवढ्या एकाच बदलाने एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन दोन्ही निकामी होतात आणि विषाणूच्या वाढीला फारशी झळ लागत नाही. त्यामुळे उपचार न घेतलेल्या माणसात तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढच्या माणसाकडे जातो. एम१८४व्ही हा बदल मात्र लामिव्हुडिन हे औषध निकामी करताना विषाणूलाही लंगडे करतो, म्हणून औषध नसताना तो लवकर मागे पडतो. झिडोव्हुडिन या जुन्या औषधामुळे येणारा टी२१५वाय अर्धवट परततो आणि २१५ या जागी डी, एस, सी किंवा ई अशा अमिनो आम्लाची खूण मागे ठेवतो. ही खूण दिसली की जाणकार ओळखतो: आज औषधाला विरोध दिसत नसला तरी या विषाणूची साखळी कधीतरी झिडोव्हुडिनमधून गेलेली आहे.

औषध सोडलेल्या माणसात गोष्ट उलटी. त्याच्या सुप्त पेशींमध्ये मूळ विषाणू शिल्लक असतो. गोळ्या सुटल्या की काही आठवड्यांत तो वर येतो आणि रेझिस्टन्ट विषाणू रक्तातून दिसेनासा होतो. दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. तोही त्याच पेशींमध्ये साठून राहतो आणि तेच औषध पुन्हा दिले की परततो. विषाणूचा क्रम वाचण्याची रोजच्या वापरातली सँगर पद्धत विषाणूंच्या एकूण संख्येत १५ ते २० टक्क्यांहून कमी असलेला प्रकार पकडू शकत नाही. त्यामुळे सहा महिने गोळ्या सोडून आलेल्या माणसाचा अहवाल 'रेझिस्टन्स नाही' असा आला, तर त्याचा खरा अर्थ 'आज दिसला नाही' एवढाच. अशा वेळी कागदापेक्षा पूर्वीचा इतिहास महत्त्वाचा ठरतो.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार नोंदवहीची. 'नवीन रुग्ण' या रकान्यात पूर्वी औषध घेतलेली माणसे सर्रास मिसळली जातात. पूर्वी औषध घेतलेल्यांमध्ये उपचार सुरू करताना रेझिस्टन्स सापडण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते, असे २०२१ चाच अहवाल सांगतो. मग त्यांना नवीन म्हणून मोजले की पाहणीचा आकडाही बिघडतो आणि त्या माणसाचा उपचारही. माणसे इतिहास लपवतात, कारण सांगितले की ओरडा बसतो. 'पूर्वी एआरटी घेतली का? हो / नाही' असा प्रश्न भरल्या खोलीत, पहिल्या दोन मिनिटांत विचारला तर उत्तर 'नाही' असेच येणार. रकाना भरतो, माहिती मिळत नाही. हे काम समुपदेशकाचे आहे आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ मनुष्यबळाच्या आराखड्यात कुठेच धरलेला नसतो.

दुसरी तक्रार प्रयोगशाळेची. बहुतेक ठिकाणची जीनोटाइप चाचणी (रेझिस्टन्स शोधण्यासाठी जनुकीय क्रम वाचणारी) विषाणूच्या प्रोटीज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या भागांचाच क्रम वाचते. इंटिग्रेजचा भाग त्याच जनुकात पुढे आहे आणि तो सहसा वेगळा वाढवून वाचावा लागतो. सगळा कार्यक्रम इंटिग्रेजवर चालणाऱ्या औषधावर उभा केला आणि चाचणी मात्र जुन्या औषधांचीच ठेवली. मग 'डोलुटेग्राविरला रेझिस्टन्स आढळला नाही' हे वाक्य सादरीकरणात झळकते. शोधलाच नव्हता, हे त्याच पानावर लिहायला हवे.

येथे आकड्यांकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, डोलुटेग्राविर घेत असूनही विषाणू न दबलेल्या लोकांच्या चार पाहण्यांत या औषधाला रेझिस्टन्स ३.९ ते ८.६ टक्के आढळला. व्हायरल लोड जास्त असतानाच जुन्या उपचारावरून डोलुटेग्राविरवर आणलेल्यांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. औषधचाचण्यांत दिसले त्याहून हे प्रमाण जास्त आहे. उपचार न घेतलेल्यांत असा विषाणू अजून दुर्मीळ आहे, हे खरे. पण आज ज्यांचा विषाणू दबलेला नाही त्यांच्याकडूनच उद्याचे संसर्ग होणार आहेत. एफाविरेन्झच्या बाबतीत हाच क्रम होता: आधी उपचार घेणाऱ्यांत, मग नव्या संसर्गांत. दुर्मीळ असतानाचा आकडा हातात नसेल तर पुढे वाढ झाली की नाही, हे कशाशी ताडून पाहणार? मागचे नमुने मागाहून गोळा करता येत नाहीत.

टेनोफोविर, लामिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर ही औषधे एकत्र दिली जातात. 'तिन्ही औषधांपैकी एक तर चालतेच ना' हा युक्तिवादही आम्ही ऐकला आहे. टेनोफोविर आणि लामिव्हुडिन रेझिस्टन्समुळे दुबळी झालेली असतानाही, डोलुटेग्राविरच्या जोडीला राहिल्यास उपचार बहुतेकांत टिकतो, असे नाडिया या औषधचाचणीत दिसले आणि ती दिलासा देणारी गोष्ट आहे. पण डोलुटेग्राविर एकटे दिले तर काय होते, तेही ठाऊक आहे: नेदरलँड्समधली डोमोनो ही औषधचाचणी काही जणांत इंटिग्रेजचा रेझिस्टन्स उगवल्यामुळे थांबवावी लागली. आता डोलुटेग्राविर आणि लामिव्हुडिन ही दोनच औषधांची गोळी उपलब्ध आहे. एम१८४व्ही असलेल्या माणसाला ती पहिला उपचार म्हणून देणे म्हणजे जवळपास एकाच औषधावर भिस्त ठेवणे. म्हणूनच अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना जीनोटाइपचा आणि हेपॅटायटिस बी चा अहवाल हाती नसताना, किंवा व्हायरल लोड ५ लाखांहून जास्त असताना, ही जोडी सुरू करू नका म्हणतात. खरेदीच्या यादीत ही गोळी घ्यायची आणि तपासणीच्या यादीतून जीनोटाइप वगळायची, हे दोन्ही निर्णय एका वेळी होऊ शकत नाहीत.

तिसरी तक्रार प्रेपबद्दल. प्रेपचा विस्तार व्हायलाच हवा. संसर्ग टळला की रेझिस्टन्सचा प्रश्नही टळला. पण फक्त अँटिबॉडीची झटपट चाचणी करून प्रेप सुरू केली जाते, तेव्हा अगदी ताजा संसर्ग निसटतो. अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात. विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) मात्र साधारण १० दिवसांनंतर सापडू शकतो. या मधल्या काळात प्रेप सुरू झाली की प्रत्यक्षात संसर्गावर अपुरा उपचार सुरू होतो आणि एम१८४व्ही किंवा के६५आर हा बदल निवडून वर येतो. कॅबोटेग्राविर या प्रेपच्या इंजेक्शनात हा धोका वेगळ्या जागी आहे. इंजेक्शन दोन महिन्यांनी द्यायचे असते, पण ते बंद केल्यावर औषधाचा अंश शरीरात वर्षभर किंवा त्याहूनही जास्त राहतो. त्या काळात संसर्ग झाला तर विषाणू अर्धवट दबलेला राहतो, अँटिबॉडी उशिरा येतात, झटपट चाचणी निगेटिव्ह दाखवते. आत मात्र क्यू१४८आर सारखा बदल तयार होऊ शकतो आणि कॅबोटेग्राविर तर डोलुटेग्राविरच्याच कुळातले. त्यात व्हायरल लोड इतका कमी असतो की प्रयोगशाळेत विषाणूचा क्रम वाढवताच येत नाही. लेनाकापाविर हे प्रेपचे दुसरे इंजेक्शन सहा महिन्यांनी द्यायचे असते. त्याचे लक्ष्य कॅप्सिड, म्हणजे विषाणूचे आतले कवच, आहे, म्हणून तिथे एन७४डी सारखे बदल पाहावे लागतील आणि नेहमीच्या चाचणीत तो भागही येत नाही. इंजेक्शने पोहोचवण्याची योजना तयार असते, पण प्रेप घेताना पॉझिटिव्ह आलेल्या माणसाचा नमुना कुठे पाठवायचा याचे उत्तर विचारले की खोली गप्प होते.

चौथी, साठ्याची. एफाविरेन्झची तीन औषधांची गोळी अचानक संपली की लामिव्हुडिन रक्तातून लवकर जाते आणि एफाविरेन्झ कित्येक दिवस, काहींत आठवडे, एकटेच रेंगाळते. माणूस 'औषधाविना' असतो, विषाणू मात्र एका औषधाच्या सहवासात. पुढे हीच माणसे 'उपचार न घेतलेली' म्हणून परततात. डोलुटेग्राविरमध्ये ही शेपटी लहान आहे, पण खंड पडणे तिथेही फुकट जात नाही. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असताना डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावे लागते आणि त्यासाठीचा जादा साठा मागणीपत्रात अनेकदा धरलेलाच नसतो. अँटासिडचेही तसेच: डोलुटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे, एवढे एक वाक्य गोळ्या देताना सांगितले जात नाही.

बाळांबद्दल एकच मुद्दा, पण तो सर्वांत जड. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या १० देशांच्या पाहण्यांत, नव्याने निदान झालेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांत एफाविरेन्झ-नेव्हिरापिन गटाला रेझिस्टन्स आढळला. आईकडून आलेला विषाणू किंवा प्रतिबंधासाठी दिलेले नेव्हिरापिन, या दोन वाटांनी तो येतो. चार आठवड्यांवरील आणि तीन किलोंवरील बाळासाठी पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची डोलुटेग्राविरची गोळी आहे. ती केंद्रावर नसेल तर बाळ पुन्हा जुन्याच औषधावर जाते.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि यांतल्या एकीनेही कोणाचा उपचार एक दिवसही लांबणार नाही.

१. उपचार सुरू करणाऱ्यांची पाहणी ठरलेल्या अंतराने चालू ठेवा. तिच्यात पूर्वी औषध न घेतलेले, पूर्वी घेतलेले आणि प्रेप घेताना पॉझिटिव्ह आलेले, हे तीन गट वेगळे मोजा आणि वेगळेच छापा. तिन्हींची सरासरी काढलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

२. यापुढे प्रत्येक जीनोटाइप चाचणीत इंटिग्रेज असलेच पाहिजे. पैसे कमीच असतील तर नमुन्यांची संख्या कमी करा, वाचायचा भाग कमी करू नका.

३. नमुना पहिल्या गोळीआधी घ्या, गोळी त्याच दिवशी द्या. ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतले रक्त २४ तासांत वेगळे करून प्लाझ्मा उणे ७० अंश किंवा त्याखाली ठेवा. ती सोय नसेल तेथे कागदावर सुकवलेले रक्ताचे थेंब चालतात, पण ते रात्रभर पूर्ण सुकलेले, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत आणि दोन आठवड्यांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचलेले हवेत. ओलसर कार्ड पिशवीत कोंबले की आरएनए तुटतो आणि नमुना वाया जातो. नमुने बिघडण्याचे हे सहज टाळता येण्याजोगे कारण आहे. व्हायरल लोड १,००० पेक्षा कमी असलेला नमुना कार्डावर पाठवून 'क्रम मिळाला नाही' असा शेरा गोळा करत बसू नये.

४. सुकवलेल्या थेंबांत पेशींतला डीएनएही येतो. त्यात शरीराच्या एपोबेक एन्झाइमांनी खराब केलेले मृत विषाणू असतात आणि त्यांच्यामुळे एम१८४आय किंवा ई१३८के सारखे बदल खोटेच दिसू शकतात. मध्येच थांबण्याची खूण असलेला क्रम आढळला तर तो अहवालातून वगळा किंवा तसे स्पष्ट लिहा. हे तपासायला प्रशिक्षित माणूस लागतो. यंत्र खरेदी करून माणूस न नेमण्याची पद्धत थांबवा.

५. इतिहास विचारण्यासाठी समुपदेशकाला स्वतंत्र भेट द्या आणि प्रश्न मोडून विचारा: गर्भारपणात कधी गोळ्या दिल्या होत्या का, संसर्ग टाळण्यासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेतले होते का, दुसऱ्या केंद्रातून, दुसऱ्या नावाने किंवा घरातल्या कोणाच्या डब्यातून गोळ्या घेतल्या होत्या का. 'हो' म्हणणाऱ्याला कोणतीही शिक्षा, रांग किंवा लेखी हमीपत्र नको.

६. प्रेप सुरू करताना गेल्या महिन्यात ताप, पुरळ, घसादुखी आणि संसर्गाची शक्यता असे एकत्र असेल तर आरएनए चाचणी करा. कॅबोटेग्राविर थांबवणाऱ्याला संसर्गाचा धोका कायम असेल तर तोंडाने घ्यायची प्रेप लगेच द्या. प्रेप घेताना पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत, कोणाच्या जबाबदारीवर आणि किती दिवसांत जाईल, हे इंजेक्शनाचा पहिला साठा उतरण्याआधी लिहून काढा.

७. बाळांच्या निदानासाठी घेतलेल्या कार्डांवर थेंब उरतात. त्यांतूनच रेझिस्टन्सची पाहणी करता येते, नवीन सुई टोचावी लागत नाही. ही कार्डे नष्ट करण्याचे आदेश मागे घ्या.

८. साठा किती दिवस संपला होता, हे केंद्रनिहाय दर तिमाहीत जाहीर करा आणि त्याच तक्त्यात त्या केंद्रातील न दबलेल्या व्हायरल लोडचे प्रमाण द्या. दोन रकाने शेजारी आले की बरेच प्रश्न आपोआप विचारले जातील.

९. पाहणीचे निष्कर्ष पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत प्रसिद्ध करा, गैरसोयीचे असले तरी. व्यक्तीची ओळख काढून टाकलेले क्रम संशोधकांना खुले करा.

यांपैकी कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असेल तर कोणत्या कारणाने, याचे मुद्देनिहाय लेखी उत्तर आम्हाला हवे आहे. फ्रीझरमध्ये पडून असलेल्या नमुन्यांचे काय करणार, हे त्या उत्तरात सर्वांत आधी लिहावे.

आपले,
एचआयव्ही उपचार, प्रयोगशाळा, औषधवितरण आणि समुपदेशनात काम करणारे व एचआयव्हीसह जगणारे सहकारी